भीक नव्हे, दान!

बौद्ध बंधु-भगिनींनो,

‘दान’ हा शब्द आपल्या कानी प्रथम कोणत्या प्रसंगी पडला, हे घरातील वृद्धांना विचारून पाहा. सूर्याला वा चंद्राला ग्रहण लागले की ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी देत आपली माणसे गावातील दारोदार फिरत. ग्रहणाचा दोष टळावा म्हणून घरधनीण दुरूनच जुनेर आणि मूठभर धान्य टाकी. देणाऱ्याचा दोष गेला, पुण्य पदरी पडले; घेणारा मात्र ग्रहण सुटल्यावरही महारवाड्यातच राहिला! त्याचे ग्रहण सोडविण्याचा विचार त्या दानात होता काय?

हा केवळ खेडवळ रूढीचा दोष नव्हे. तिच्या पाठीशी शास्त्र उभे होते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दानाचे फळ घेणाऱ्याच्या जातीवरून मोजले आहे. अब्राह्मणास दिले तर जेवढ्यास तेवढे, नावापुरत्या ब्राह्मणास दिले तर दुप्पट आणि वेदपारंगतास दिले तर अनंत! दहाव्या अध्यायात शूद्र सेवकास उष्टे अन्न व जुनी वस्त्रे द्यावीत असे सांगून लगेच पुढे शूद्राने धनसंचय करू नये, अशी आज्ञा आहे. म्हणजे उष्टे तर द्यावयाचे, पण उष्टे खाण्याची पाळी येऊ नये इतके धन त्याच्यापाशी साठू द्यावयाचे नाही. ज्याने दारिद्र्य लादले त्यानेच तुकडा फेकून पुण्यवान म्हणवून घ्यावे, याहून मोठी विटंबना ती कोणती?

आता तथागतांचा मार्ग पाहा. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राजाला महायज्ञ करावयाचा होता, पण राज्यात लूटमार माजली होती. त्याचा शहाणा पुरोहित म्हणाला, यज्ञासाठी नवा कर बसवू नका आणि चोरांना फासावर देऊन चोरी थांबेल असेही समजू नका. जे शेती व पशुपालन करतात त्यांना बियाणे व चारा द्या, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्या, चाकरी करणाऱ्यांना योग्य वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी ठेवून सुखाने राहू लागले. याला म्हणतात दान! घेणाऱ्याला पुन्हा हात पसरावा लागू नये, हीच त्याची कसोटी.

कोणी विचारील, मग भिक्खू भिक्षापात्र घेऊन फिरत नाही काय? फिरतो, परंतु जन्माने लादलेली लाचारी म्हणून नव्हे. तो संसार स्वेच्छेने सोडतो, जात न पाहता घरोघर जातो आणि अन्नाच्या मोबदल्यात धम्म देतो. ज्या संघाने रस्ते झाडणाऱ्या सुनीताला भिक्खू करून घेतले, त्या संघाच्या पात्राची तुलना महारवाड्याच्या उष्ट्याशी कोण करील?

१९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी उष्टे तुकडे टाकून द्या, असे आपल्याला बजावले. ते आपण टाकले. पण त्याबरोबर काहींनी दानही टाकून दिले! ‘आम्ही भीक सोडली, आता कोणाला काही देणार नाही,’ असे म्हणणारी सुशिक्षित कुटुंबे आपल्यात आहेत. दुसरी काही कुटुंबे वैशाख पौर्णिमेला अन्नदान करतात, फलकावर आपले नाव मोठ्या अक्षरांत रंगवितात आणि वस्तीतील ज्या मुलाचे नाव फीअभावी शाळेतून निघाले त्याची चौकशीही करीत नाहीत. बंधूंनो, कालचा घरधनी गावात होता. आज तो आपल्याच ओट्यावर बसला आहे काय?

१९१३ साली बाबासाहेब अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर. विद्येसाठी दिलेल्या त्या धनाचे फळ कोट्यवधींच्या पदरी पडले. तेवढेच धन जेवणावळीत गेले असते, तर संध्याकाळपर्यंत विसरले गेले असते.

बावीस प्रतिज्ञांत दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आपण केली आहे. दान ही त्यांपैकी एक. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी प्राप्तीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. शंभर रुपयांतील पाच रुपये! ते देताना जात विचारू नका, उपकार बोलून दाखवू नका. पुस्तके घ्या, फी भरा, विधवेला शिवणयंत्र द्या. आणि जे हक्काचे आहे, म्हणजे मजुरी, जमीन, शिष्यवृत्ती, ते कोणी दान म्हणून देऊ लागला तर ताठ मानेने सांगा: हे दान नव्हे, हे आमचे देणे आहे!

हक्क मागून घ्या. दान मात्र न मागता द्या. जय भीम!