यंत्र गावात, सर्व्हिस शहरात : बिघाड झाला की शेतकऱ्याच्या हातात काय उरतं?

बुलढाणा : हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली आणि सौर पंपाचा कंट्रोलर बंद पडला. कपाशीवर फवारणी करायची आहे आणि बॅटरी पंप चार्जिंगच घेत नाही. घाटावर असो की घाटाखाली, प्रत्येक हंगामात हे ऐकायला मिळतं. कंपनीच्या नंबरवर फोन लावला की आधी गाणं वाजतं, मग हे बटण दाबा, ते दाबा. शेवटी उत्तर येतं, "तक्रार नोंदवली आहे, आमचा माणूस येईल." माणूस कधी येईल, ते मात्र कोणी सांगत नाही.

गेल्या काही वर्षांत शेतात यंत्रं भरपूर आली. अनुदानावर आली, कर्जावर आली, हप्त्यावर आली. पण यंत्र विकणारा तालुक्याला आहे आणि ते दुरुस्त करणारा बहुतेक वेळा अकोल्याला, छत्रपती संभाजीनगरला नाहीतर पुण्याला. सगळं दुखणं इथंच आहे.

वॉरंटी चालू असते, पीक थांबत नाही

वॉरंटी कार्डावर बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं : कारखान्यातला दोष असेल तर दुरुस्ती फुकट, पाणी गेलं, वायर जळली, उंदरानं कुरतडलं, तर नाही. दोष कोणता, हे ठरवणार कंपनीचाच माणूस. आणि बाहेरच्या मिस्त्रीनं सील उघडलं तर वॉरंटी संपली.

इथं शेतकरी दोन्हीकडून अडकतो. कंपनीच्या माणसाची वाट पाहिली तर पीक वाळतं. गावातल्या मिस्त्रीकडं नेलं तर कंपनी हात झटकते. आठ-दहा दिवस पाणी हुकलं तर फुलोऱ्यातल्या हरभऱ्याचं काय होतं, ते सांगायची गरज नाही.

सौर पंपाचंच घ्या. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातला शेतकरी १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के रक्कम भरतो. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यावर ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. याच योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमाही आहे. म्हणजे दुरुस्ती ही कंपनीची मेहरबानी नाही, ती आपण घेतलेल्या वस्तूचाच भाग आहे. त्यामुळं पंप बंद पडला की फक्त बसवणाऱ्या पोराला फोन करून थांबू नका. महावितरणकडंही तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

फोनवरचं बोलणं हवेत जातं

बहुतेक तक्रारी इथंच मरतात. आपण दहा वेळा फोन करतो, भांडतो, पण कागदावर काहीच नसतं. महिन्यानं कंपनी म्हणते, "आमच्याकडं तक्रारच नाही." तेव्हा दाखवायला काय असतं? म्हणून फोन झाला की लगेच तेच व्हॉट्सअॅपवर नाहीतर ई-मेलवर लिहून पाठवा. यंत्राचा सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, बिघाड कधी झाला, एवढं पुरे. यंत्राच्या पडद्यावर काही आकडा किंवा अक्षर दिसत असेल तर त्याचा फोटो काढा.

मिस्त्रीकडून उघडावंच लागलं तर आधी व्हिडिओ काढा. कंपनीला लिहून कळवा की अमुक तारखेपासून वाट पाहिली, आता पीक थांबू शकत नाही. जुना पार्ट फेकू नका आणि मिस्त्रीकडून पावती घ्या. पुढं भांडायची वेळ आली तर हेच कामी येतं.

आणखी एक. दुकानदार म्हणतो, "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल," आणि आपण कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतो. हजार-दोन हजार वाचतात, पण वॉरंटीचा पुरावाही तिथंच जातो. बिल न देणं ही ग्राहक कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा आहे, हे दुकानदारालाही माहीत असतं.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथं भामट्यांनी खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात. यंत्रावर, खोक्यावर किंवा वॉरंटी कार्डावर छापलेलाच नंबर लावा. कोणी "अॅप टाका, ओटीपी सांगा, दहा रुपये पाठवा" म्हटलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.

शेतकरी ग्राहक आहे का? हो, आहे

कंपन्यांचा एक जुना बचाव आहे : शेती हा धंदा आहे, म्हणून शेतकरी ग्राहक नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मात्र स्पष्ट आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजली जात नाही. त्याआधी जानेवारी २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सदोष बियाण्याबाबत आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांना ग्राहक मानलं होतं.

नव्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी पुण्याची असो की चेन्नईची, खटला बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहा, मराठीतही बोलता येतं. काही प्रकरणं तिथंच मिटतात.

आयोगात निकाल लगेच लागत नाही, हेही खरं. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने अशी मुदत आहे, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणजे या हंगामातलं पीक आयोग वाचवू शकत नाही. पण झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. त्यासाठी दुरुस्ती किती दिवस रखडली आणि पिकाचं काय झालं, याचा कागद हवा. कृषी सहाय्यकाकडून पाहणी करून लेखी घेता आलं तर उत्तम.

अमेरिकेतला शेतकरीही याच फेऱ्यात

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. अमेरिकेत ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरचं सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात असल्यानं शेतकऱ्याला छोट्या बिघाडासाठीही डीलरची वाट पाहावी लागत होती. तिथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला. कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगानं जॉन डिअर कंपनीवर याच मुद्द्यावर खटला भरला.

आपल्याकडं ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं आहेत आणि शेतीची अवजारं त्यातलं एक. पण पोर्टल म्हणजे कायदा नाही. माहिती टाकली म्हणून पार्ट मेहकरच्या किंवा मोताळ्याच्या दुकानात मिळत नाही.

मग मागणी काय असावी?

अनुदान सरकार देतं, म्हणजे अट घालायचा अधिकारही सरकारचाच. अनुदानाच्या यादीत यायचं असेल तर कंपनीनं तालुक्याला एक दुरुस्ती केंद्र द्यावं, किंवा तिथल्या मिस्त्रीला शिकवून सुटे भाग द्यावेत. ठरलेल्या दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर तेवढ्या दिवसांसाठी दुसरं यंत्र द्यावं. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत आयटीआय झालेली, काम शोधणारी पोरं आहेत. त्यांना कंट्रोलर उघडता येतो. अडतं ते पार्ट आणि माहितीवर. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात यावी आणि आमदार-खासदारांना लेखी द्यावी.

तोवर आपल्या हातातलं काम आजच करून ठेवा. घरातल्या प्रत्येक यंत्राचं बिल, वॉरंटी कार्ड आणि सिरीयल नंबर यांचे फोटो काढा आणि घरातल्या दोन फोनवर ठेवा. ऐन हंगामात पंप बंद पडला की कागद शोधायला वेळ नसतो.