अ‍ॅपवर ‘पेड’, मालकाच्या खात्यात शून्य: भाड्याची कंपनी बुडाली तर तुमच्या डिपॉझिटचं काय?

रविवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. वाकडच्या त्या टू बीएचकेमध्ये आम्ही तिघे राहायचो आणि रविवारी साडेआठला तिघांपैकी कोणीही माणसात नसायचं. दार उघडलं तर समोर फ्लॅटचे मालक. काका सोलापूरला राहतात. अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी अंगठा द्यायला आले तेव्हा भेटले होते, त्यानंतर आत्ताच.

“अरे, तीन महिने झाले, भाडं नाही. तुम्ही लोक भरताय की नाही?”

मी फोन पुढे केला. अ‍ॅपमध्ये तिन्ही महिन्यांपुढे हिरवी टिक, खाली ‘पेड’. काकांनी चष्मा वर करून ते पाहिलं आणि पिशवीतून स्वतःचं पासबुक काढलं. तीन महिने एक रुपया जमा नाही. आम्हीही खरे, काकाही खरे. महिन्याचे 27,000 रुपये मधल्या मध्ये अडकत होते आणि आमचं 75,000 रुपयांचं डिपॉझिटही त्याच मधल्या कंपनीकडे होतं. हीच कंपनी भाडेकरू शोधायची, भाडं गोळा करायची आणि नळ गळला तर प्लंबरही पाठवायची. कस्टमर केअरला फोन लावला तर आठवडाभर फक्त गाणं ऐकू आलं. नंतर तेही बंद.

मित्रांनो, ‘ब्रोकर पैसे घेऊन पळाला’ ही जुनी गोष्ट आहे. फरक एवढाच की आता ब्रोकरकडे अ‍ॅप असतं, चार स्टार असतात, त्यामुळे आपण पावती मागत नाही. कंपनी बुडते तेव्हा कोणी फसवायला बसलेलंच असतं असंही नाही. पण आपल्यासाठी परिणाम तोच.

कंपनी नक्की कोण आहे?

पहिल्या दिवशी मला हे कळलं असतं तर रात्रीची झोप वाचली असती. अशा कंपन्या दोन प्रकारे काम करतात आणि अ‍ॅपची स्क्रीन दोन्हीकडे सारखीच दिसते. फरक अ‍ॅग्रीमेंटच्या पहिल्या पानावर असतो.

पहिला प्रकार एजंटचा. ‘लायसेन्सर’ म्हणून मालकाचं नाव असतं, ‘लायसेन्सी’ म्हणून तुमचं, आणि एका कलमात लिहिलेलं असतं की भाडं मालकाच्या वतीने अमुक कंपनी स्वीकारेल. 1872 चा भारतीय करार कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. मालकाने ज्याला पैसे घ्यायचा अधिकार दिला त्याला दिलेले पैसे मालकालाच दिले असं धरलं जातं. पुढे कंपनीने ते मालकाला दिले नाहीत, तर ते भांडण मालक आणि कंपनी यांचं.

दुसऱ्या प्रकारात कंपनी स्वतःच मालकाची भाडेकरू असते. ती मालकाकडून फ्लॅट घेते आणि खोल्या पाडून तुम्हाला-मला देते. को-लिव्हिंग आणि मोठ्या पीजींमध्ये हा प्रकार बराच दिसतो. तुमच्या अ‍ॅग्रीमेंटवर मालकाचं नाव कुठेच नसतं. कंपनीने मालकाचं भाडं थकवलं आणि मालकाने तिचा करार संपवला, की तुमच्या पायाखालची जमीन जाते. लायसन्स म्हणजे फक्त वापराची परवानगी, आणि देणाऱ्याचाच हक्क संपला तर ती परवानगी टिकत नाही. मालक तुम्हाला हाताला धरून बाहेर काढू शकत नाही, त्यालाही कायद्याच्या मार्गानेच जावं लागतं. पण तुमचं डिपॉझिट परत करायची जबाबदारी त्याच्यावर नाही, कारण तुमचा त्याच्याशी करारच नाही.

चीनमध्ये हे केवढ्या मोठ्या प्रमाणावर झालं ते बघा. ‘डानके’ ही 2015 मध्ये सुरू झालेली अ‍ॅपवाली कंपनी, याच दुसऱ्या प्रकारची. 2020 च्या जानेवारीत ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली तेव्हा तिच्याकडे चार लाखांहून जास्त खोल्या होत्या. ती तरुण भाडेकरूंना सांगायची, वर्षाचं भाडं एकदम भरा, सूट मिळेल. पैसे नाहीत? बँकेचं कर्ज अ‍ॅपमध्येच मंजूर होईल. बँक वर्षाचे पैसे एकरकमी कंपनीला द्यायची आणि भाडेकरू बँकेला दर महिन्याला हप्ता भरायचा. कंपनी मात्र मालकांना थोडंथोडं देणार आणि उरलेल्या पैशांवर आणखी घरं घेणार. कोविडमध्ये खोल्या रिकाम्या झाल्या आणि गाडी रुतली. वर्षाअखेरीस मालक दारात येऊन ‘घर खाली करा’ म्हणत होते आणि बँकेचा हप्ता सुरूच होता. शेवटी डिसेंबर 2020 मध्ये ती कर्जं देणाऱ्या वीबँकेने माघार घेतली: भाडेकरूने कंपनीकडचा आपला दावा बँकेच्या नावे करायचा आणि उरलेल्या कर्जातून सुटायचं. पुढे एप्रिल 2021 मध्ये कंपनीचं नाव न्यूयॉर्कच्या बाजारातून निघालं. चीन सरकारने आता भाड्याच्या कंपन्यांना देखरेखीखालचं वेगळं बँक खातं सक्तीचं केलं आहे. तो नियम सप्टेंबर 2025 पासून लागू आहे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडची ‘झीरो डिपॉझिट’ ऑफर. त्यातल्या काही ऑफर्समागे कर्जच असतं. डिपॉझिटची रक्कम एखादी एनबीएफसी देते आणि हप्ता तुमच्या नावावर येतो. कंपनी बंद पडली तरी कर्ज तुमचंच राहतं आणि हप्ता चुकला तर सिबिल स्कोअर तुमचाच पडतो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार असं कर्ज देण्याआधी तुम्हाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं, आणि सुरुवातीला काही मुदत असते, ज्यात मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ऑफर घेताना पॅन नंबर आणि ऑटो-डेबिटची परवानगी मागितली, तर थांबा आणि विचारा: हे कर्ज आहे का?

महाराष्ट्रात कायदा काय देतो, काय देत नाही

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असलंच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून कामाची ओळ पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जाईल, समोरच्याने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलंय’ यात खरा धोका मालकाला आहे. तरी नोंदणी तुम्हालाही हवी, कारण डिपॉझिट किती आणि कोणाला दिलं हे त्यात छापलेलं असतं. आमच्या 27,000 भाडं आणि 75,000 डिपॉझिटवर अकरा महिन्यांची स्टॅम्प ड्युटी हजाराच्या आतच होती.

जे नाही तेही ऐकून ठेवा. महारेराचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण रेरा कायद्यातला एजंट म्हणजे विक्रीच्या व्यवहारातला एजंट. भाड्याच्या ब्रोकरला त्यात नोंदणीची सक्ती नाही. केंद्राने 2021 मध्ये मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट मंजूर केला. त्यात घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं आहे, आणि ‘प्रॉपर्टी मॅनेजर’ची कर्तव्यंही दिली आहेत. पण तो फक्त नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. मुंबईत तर ‘हेवी डिपॉझिट’ म्हणून लाखो रुपये दिले जातात आणि भाडं नावापुरतं असतं. तिथे मधल्या माणसाच्या खात्यात पैसे टाकणं म्हणजे गावभर उधारी देऊन वही हरवण्यासारखं.

इंग्लंडला शिकायला जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे बहुतेक खासगी भाडेकरारांत डिपॉझिट मिळाल्यापासून 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावंच लागतं, आणि एप्रिल 2019 पासून ग्राहकांचे पैसे हाताळणाऱ्या लेटिंग एजंटला ‘क्लायंट मनी प्रोटेक्शन’ योजनेत असणं सक्तीचं आहे. एजंटने पैसे बुडवले तर भाडेकरू त्या योजनेकडे दावा करू शकतो. आपल्याकडे अशी योजना नाही, म्हणून आपली पावती आपणच सांभाळायची.

आम्ही काय केलं

काका दारात असतानाच माझ्या रूममेटने अ‍ॅग्रीमेंटची पीडीएफ उघडली. लायसेन्सर: काका. भाडं मालकाच्या वतीने कंपनी स्वीकारेल: कलम सापडलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि खाली बसले. तीन महिन्यांचं भाडं आमच्याकडून मागता येणार नाही हे त्यांना कळलं. खरं सांगतो, जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. त्या भाड्यावर त्यांचा होमलोनचा हप्ता होता.

मग चहा झाला आणि कामाला लागलो. सर्वात आधी यूपीआय ऑटोपे बंद केलं. हे कंपनीला न विचारता करता येतं, तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये मँडेटच्या यादीत ‘कॅन्सल’ असतं. पण तो हप्ता कर्जाचा असेल तर असं परस्पर बंद करू नका, आधी कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा. दुसरं म्हणजे काकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं की पुढचं भाडं माझ्या अमुक खात्यात टाका, कंपनीचा अधिकार मी काढून घेतला आहे. तोंडी चालत नाही, कारण उद्या कंपनी पुन्हा उभी राहून भाडं मागू शकते. तिसरं काम अ‍ॅपमधल्या सगळ्या पावत्या डाउनलोड करायचं होतं, आणि इथे आम्ही उशीर केला. चार दिवसांनी लॉगिनच होईना. शेवटी उपयोगी पडलं ते बँकेचं स्टेटमेंट आणि त्यातला बारा आकडी यूटीआर नंबर. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी तुमच्या बँकेतली नोंद कुठे जात नाही.

डिपॉझिटचा प्रश्न मात्र अडला. भाड्याबद्दल कलम होतं, पण डिपॉझिट कंपनी ‘स्वतःकडे ठेवेल’ असं लिहिलं होतं. ‘मालकाच्या वतीने’ हे दोन शब्द तिथे नव्हते. दोन शब्द, 75,000 रुपये. पोलिसांनी ‘हा सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून अर्ज ठेवून घेतला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, मग ई-जागृती पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर वेगळी धावपळ असते: जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत तुमचा दावा पुराव्यासकट पाठवावा लागतो, आणि रांगेत तारण असलेल्या बँका आणि कामगार तुमच्या पुढे असतात.

काकांशी शेवटी तडजोड झाली. अर्धं डिपॉझिट त्यांनी सोसलं, शेवटच्या भाड्यातून वळतं करून. उरलेल्या अर्ध्याची तक्रार अजून आयोगात आहे, पुढची तारीख पडली आहे. नवीन फ्लॅट घेताना मी ब्रोकरला त्याची फी दिली आणि डिपॉझिट थेट मालकीणबाईंच्या खात्यात टाकलं. त्याआधी त्यांना एक रुपया पाठवून खात्यावरचं नाव अ‍ॅग्रीमेंटशी जुळतंय का ते पाहिलं. बाई फोनवर हसल्या. म्हणाल्या, “एक रुपया आला हो. बाकीचे कधी?”