परक्या घरची शिकवणी

गेल्या महिन्यांत आमच्या बदलापूरच्या घरीं जेवतांना एक वाद उपस्थित झाला. धाकट्या बंधूंची कन्या दोन वर्षें पुण्यास स्पॅनिश भाषा शिकत आहे. मेक्सिकोंतील क्वेर्नाव्हाका या शहरीं सहा आठवडे एखाद्या कुटुंबांत राहावें, सकाळीं शाळा करावी, आणि घरींदारीं स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा बोलूं नये, असा आपला मानस तिनें सांगितला. आमच्या काकूंच्या हातांतील तुपाची वाटी तशीच थांबली. "परक्यांच्या घरीं खाशील काय, आणि बोलशील तरी काय, बयो?" त्यांनीं विचारलें.

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. प्रथम बोलण्याचें पाहूं. १९६१ मध्यें ईव्हान इलिच यांनीं क्वेर्नाव्हाका येथें एक केंद्र काढलें. दक्षिणेकडील देशांत कामास जाणारे परकीय तेथें स्पॅनिश शिकत. तें १९७६ मध्यें बंद झालें, पण तसल्या शाळा त्या शहरीं राहिल्या. पुस्तकानें व्याकरण येतें. जीभ वळते ती सहवासानेंच. लांब कशाला जावें? फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबें आलीं, आणि १९४९ मध्यें त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील दुकानदार गिऱ्हाइकाशीं मराठींत घासाघीस करूं लागला, तो कोणत्या पुस्तकावरून?

आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील वाचकांस डॉ. पांडुरंग खानखोजे यांचें नांव ठाऊक असेलच. वर्ध्याचा हा क्रांतिकारक स्वदेशाचीं दारें बंद झाल्यावर १९२४ च्या सुमारास मेक्सिकोंत पोंचला, आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयांत परक्या भाषेंत परक्यांच्या मुलांस शेती शिकवूं लागला. मक्याच्या वाणांवर त्यांनीं संशोधन केलें, शेतकऱ्यांसाठीं शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांना जेवणाच्या मेजावर भाकरी वाटतांना दाखविलें आहे. स्वातंत्र्यानंतर ते परतले व १९६७ मध्यें नागपुरांत वारले. २०२२ मध्यें चापिंगो येथें त्यांचा पुतळा उभा राहिला. परक्या घरीं जाऊन घरचा होणें म्हणजे काय, तें या चित्रांत दिसतें.

तेथील घर अगदींच परकें आहे असेंही नाहीं. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून पाट्यासारख्या दगडावर वाटतात आणि त्याची भाकरी करतात. वडीलधाऱ्यांस 'तू' न म्हणतां 'उस्तेद' म्हणजे 'आपण' म्हणतात, आणि हांक आली तर 'मांदे', म्हणजे 'आज्ञा करा', असें उत्तर देतात. नोव्हेंबरच्या आरंभीं गेलेल्या माणसांसाठीं पान वाढून ठेवतात व झेंडूच्या फुलांनीं तें सजवितात. दसऱ्यास अंबरनाथच्या बाजारांत आपण तोरणासाठीं घेतों तो झेंडू मूळचा तिकडचाच. आणि आपली मिरचीही!

राहतां राहिला खाण्याचा प्रश्न. येथें काकूंची शंका खरी ठरली. घेवड्याची उसळ तेथें पुष्कळ घरीं डुकराच्या चरबींत परततात. केवळ 'शाकाहारी' एवढें सांगून भागत नाहीं. मुलीनें तें मान्य केलें, आणि 'सिन मान्तेका', म्हणजे 'चरबीवांचून', हे शब्द सर्वांसमक्ष म्हणून दाखविले. काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नुसतें 'नको' म्हणायला कोणीही शिकतो. वाढणारीचें मन न दुखवतां तिच्या भाषेंत 'नको' म्हणतां आलें, कीं मग ये आणि भाषा आली म्हणून सांग."

व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकांत इतकी नेमकी परीक्षा आम्हांस आढळली नाहीं. मुलीचें जाणें ठरलें आहे. काकू आतां रोज जेवतांना तिला एक पदार्थ मुद्दाम वाढतात आणि तो स्पॅनिशमध्यें नाकारावयास लावतात.