बॅटरीला उपास सोसत नाही

वीज स्त्रीलिंगी असते, याहून अधिक ज्ञान मला विजेविषयी नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाला तेवढे पुरते, अशी माझी समजूत होती. पण आमच्या पेठेतील दिंडीने एका वर्षी सामानाच्या ट्रकवरील दिवाबत्तीचे काम माझ्याकडे सोपविले आणि ती समजूत फार महाग पडली.

आषाढीची वारी पुष्कळांनी पाहिली असेल, पण दिंडीमागून येणाऱ्या ट्रककडे कोणाचे लक्ष जात नाही. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे तीन आठवडे तेच आमचे घर. त्यात तंबू, शेगड्या, पिठाची पोती, पखवाज आणि आम्हां सोलापूरकरांच्या कडक भाकरीची चवड असते. एका कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी. तिच्यावर मुक्कामातील दिवे, भजनाचा ध्वनिक्षेपक आणि दहाबारा मोबाईल चालतात.

त्या वर्षी माळशिरसच्या मुक्कामी मध्यरात्री दिवे गेले. माझी आत्या पाण्यासाठी उठली, अंधारात तंबूच्या दोरीला अडखळून पडली आणि तिच्या पायाचे हाड मोडले. बावीस वर्षे न चुकलेली तिची वारी पंढरपूर तीन मुक्कामांवर असता चुकली. दोष कोणाचा? बॅटरीचा, असे मी सर्वांना सांगितले.

सोलापुरास परतल्यावर ती बॅटरी मी गल्लीतील एका जुन्या कारागिराकडे नेली. त्याने झाकणे उघडली, आत डोकावून पाहिले आणि माझ्याकडे वर पाहून म्हणाला, "सर, बॅटरी मरत नसती हो. तिला मारत्यात की!"

मग त्याने माझ्या गुन्ह्यांची यादीच वाचली. पहिला गुन्हा निवडीचा. आधीच्या वर्षी जुनी बॅटरी निकामी झाली, तेव्हा मी घाईने ट्रकचे इंजिन सुरू करणारी बॅटरी विकत घेतली होती. 'बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट,' हा माझा न्याय. पण त्या बॅटरीच्या प्लेटी पातळ आणि पुष्कळ असतात. दोनचार सेकंद प्रचंड जोर लावायचा आणि लगेच इंजिनाकडून भरून घ्यायचे, एवढेच तिचे काम. ती आखाड्यातील पैलवान आहे. आम्हांला हवा होता वारकरी, रात्रभर संथपणे वीज देणारा. त्यासाठी जाड प्लेटींची 'ट्यूब्युलर' बॅटरी घ्यावी लागते. पैलवानाला रोज वीस किलोमीटर चालवले, तर तो खचणारच.

दुसरा गुन्हा हिशेबाचा. नऊ वॅटचे आठ दिवे पाच तास, म्हणजे ३६० वॅट-तास, साठ वॅटचा ध्वनिक्षेपक तीन तास, म्हणजे १८०, मोबाईलांचे १५०. एकूण ६९०. इन्व्हर्टर स्वतःचा घास काढतो, तो धरून ८००. यास बारा व्होल्टने भागले की सुमारे ६७ अँपिअर-तास होतात. शिशाच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी. तळ खरवडला की आयुष्य घटते. तेव्हा दुपटीने १३४, म्हणजे १५० ची बॅटरी घ्यावी. आमची होती ८० ची! घेताना बॅटरीवरील निर्मितीचा महिना पाहावा, कारण दुकानाच्या फळीवरही ती म्हातारी होत असते. दोन जोडायच्या असतील, तर दोन्ही एकाच जातीच्या व एकाच वयाच्या घ्याव्यात. जुनी नवीला आपल्याबरोबर ओढून नेते.

तिसरा गुन्हा अधिक मजेचा. ट्रक रोज चालतो, तेव्हा बॅटरी आपोआप भरत असेल, असे मी धरून चाललो होतो. पण माणसे दिवसभर चालतात, तेव्हा ट्रक तासाभरात पुढचा मुक्काम गाठून उभा! तेवढ्यात रात्रीची तूट कशी भरणार? मुक्कामी कोणा गृहस्थाच्या घरून वीज घेऊन तिला संथपणे पाचसहा तास भरावी लागते. शेगडी मात्र दूर हवी, कारण भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेटतो.

चौथा गुन्हा सर्वांत मोठा. वारी संपली की अर्धवट रिकामी बॅटरी मी पत्र्याच्या खोलीत टाकून देत असे, ती थेट पुढच्या ज्येष्ठापर्यंत. शिशाची बॅटरी रिकामी राहिली की प्लेटींवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि मग ते सुटता सुटत नाहीत. त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा! उष्म्याने बॅटरी बसल्या जागी अधिक वेगाने रिकामी होते. वापराने ती जेवढी झिजली नव्हती, तेवढी माझ्या अकरा महिन्यांच्या विस्मृतीने मेली होती.

फ्रान्समध्ये गॅस्टन प्लान्टे यांनी १८५९ साली ही शिशाची बॅटरी शोधली, तेव्हापासून तिचा स्वभाव बदललेला नाही. तिला भरलेल्या पोटी ठेवावे. महिन्यातून एकदा पूर्ण भरावी आणि तारा सोडवून ठेवाव्या. भरून काही तास विसावल्यावर मीटर १२.६ च्या वर दाखवील, तर ठीक, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. पाणी डिस्टिल्डच घालावे. आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर येतो, तो प्लेटींना कसा मानवेल? प्लेटी उघड्या पडल्या नसतील, तर पाणी भरणी झाल्यावर घालावे, म्हणजे उतू जात नाही. आम्ल कधीही घालू नये. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर झाकणे घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसावी आणि व्हॅसलीन लावावे.

हल्ली लिथियमची, नेमके म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, बॅटरी मिळते. ती वजनाला हलकी, पाणी न मागणारी आणि ऐंशी टक्के वापरली तरी न रुसणारी. मात्र ती महाग आहे, तिला तिच्याच जातीचा चार्जर लागतो आणि तापलेला पत्रा तिलाही सोसत नाही. ठेवताना ती अर्धी भरून ठेवलेलीच बरी. वर्षातून तीन आठवड्यांच्या कामाला शिशाचीच पुरे, असा निवाडा आमच्या कारागिराने दिला. जुनी बॅटरी त्याने मोबदला देऊन ठेवून घेतली. शिसे विषारी असते, म्हणून २०२२ च्या नियमांप्रमाणे ती कचऱ्यात टाकता येत नाही.

वाचक म्हणतील, आम्हांला कुठे ट्रक आहे? पण २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून चाकांवरच्या घराची हौस आपल्याकडेही बोलली जाऊ लागली आहे. आणि ज्यांना ती हौस नाही, त्यांच्याही जिन्याखाली भारनियमनाच्या दिवसांत आणलेला इन्व्हर्टर असतोच. दिवाळीच्या साफसफाईत कोनाडे झाडाल, तेव्हा त्याचे पाणीही एकदा पाहा.

आत्या आता काठी घेऊन घरातल्या घरात चालते. पुढील आषाढात दिंडीत १५० ची ट्यूब्युलर बॅटरी आली; आत्या आली नाही. माझी चूक मी तिच्याजवळ कबूल केली, तेव्हा ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "अरे, विसरशील पुन्हा. शुद्ध एकादशी धर."

तेव्हापासून दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला सकाळी तिचा फोन येतो. प्रकृतीची चौकशी नाही, मुलांची नाही. पहिला प्रश्न हाच:

"काय रे, आपला उपास आहे, तिला जेवू घातलंस का?"