सखीचें सुतक

सुतक कोणाचें किती दिवस धरावें, हें आमच्या वाचकांच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांस बहुधा तोंडपाठ असतें. दहा दिवस कोणाचे, तीन दिवस कोणाचे, कोणासाठीं नुसतें स्नान पुरे, हा हिशेब पोथी न उघडतां सांगणारी एखादी आत्या किंवा आजी घरोघर सांपडते. या हिशेबांत मैत्रिणीचें नांव मात्र येत नाहीं. मैत्रीण घरांतली नव्हे, भावकींतली नव्हे. ती गेली तर वाईट वाटावें, चार दिवस चुकल्यासारखें व्हावें, एवढीच काय ती आपल्या घरांनीं दिलेली सवलत. हा विषय आमच्या मनांत घोळूं लागला तो एका टेलिफोनमुळें.

आमच्या निकट परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलगी कॅलिफोर्नियांत शिकावयास गेली होती. २०२३ च्या नवरात्रांत तिचा घरीं टेलिफोन आला, आणि नेहमींचें क्षेमकुशल होण्यापूर्वींच ती रडूं लागली. मालिबू येथें चार विद्यार्थिनी रस्त्याच्या कडेला अपघातांत ठार झाल्या होत्या. या मुलीनें त्यांपैकीं एकीलाहि कधीं पाहिलें नव्हतें, विद्यापीठहि निराळें. परंतु त्या चौघी ज्या भगिनीसंघांतल्या होत्या, त्याच संघाच्या एका शाखेंत ही दाखल झालेली होती, आणि त्या रात्रीं शाखेंतल्या साऱ्या मुली मेणबत्त्या लावून बसल्या होत्या. घरांतील आजी, ज्यांना आम्ही सर्वजण माई म्हणतों व ज्या तेव्हां नव्वदीला टेकल्या होत्या, त्यांनीं टेलिफोन आपल्याकडे घेऊन विचारलें, "मग तुम्हां मुलींना सुतक किती दिवसांचें गं?" घरांतलीं माणसें हंसलीं. माई हंसल्या नाहींत.

भगिनीसंघ म्हणजे काय, हें थोडें सांगावयास हवें. तिकडे त्याला सोरोरिटी म्हणतात. लॅटिनमध्यें सोरोर म्हणजे बहीण. आपल्या संस्कृतांतील स्वसृ हा त्याच कुळांतला शब्द. न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज विद्यापीठांत १८७४ सालीं गॅमा फाय बीटा नांवाचा मुलींचा संघ निघाला, त्याच्यासाठीं तेथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनीं १८८२ त हा शब्द घडविला. त्याच्याहि आधीं, १८७२ त, त्याच विद्यापीठांत दहा मुलींनीं आल्फा फाय हा संघ काढला होता. मालिबूच्या चौघी या संघाच्या. मुलग्यांचे बंधुसंघ पूर्वींपासून होते, त्यांत मुलींस शिरकाव नव्हता. तेव्हां मुलींनीं आपलें माणूस आपणच जोडावें, हा त्यांतला साधा हेतु. पुढें त्यांचीं स्वतंत्र घरें झालीं, नियम झाले, गुप्त विधि झाले, छातीवर लावावयाचें पदक झालें. या संघांविषयीं वाईटहि पुष्कळ बोललें जातें, आणि तें सारेंच खोटें नाहीं. पैशाचा डौल, नव्या मुलींची निवड करतांना होणारा पंक्तिप्रपंच, आणि कित्येक दशकें कृष्णवर्णी व ज्यू मुलींना बंद असलेलीं दारें, हा त्यांच्या इतिहासांतला डाग आहे.

आपल्या एकत्र कुटुंबांतल्या वाचकांना त्यांची एक रीत मात्र विशेष ओळखीची वाटेल. नवी मुलगी संघांत आली कीं तिला एक थोरली बहीण नेमून देतात. त्या थोरलीचीहि कोणी थोरली असते. ती हिची आजी. पुढल्या वर्षीं हिच्या पदरीं एक धाकटी येते. अशी वेल वाढत जाते आणि तिला त्या मुली कुटुंब असेंच म्हणतात. रक्ताचा संबंध नाहीं, गांव एक नाहीं, पुष्कळदां धर्महि एक नाहीं; आणि अठरा वर्षांच्या मुलीनें काल ओळख नसलेल्या मुलींना जन्मभर बहीण म्हणण्याची शपथ घ्यावयाची. एरवीं ही हौस वाटावी. एखादी बहीण अवेळीं गेली म्हणजे शपथेचा अर्थ कळतो.

मालिबू हें लॉस एंजेलिसजवळचें समुद्रकांठचें गांव. डोंगराच्या उतारावर पेपरडाइन विद्यापीठ आहे आणि खालीं समुद्राला लागून पॅसिफिक कोस्ट हायवे जातो. रस्ता देखणा आणि घातकी. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं रात्रीं एका भरधाव मोटारीनें कडेला उभ्या असलेल्या गाड्यांना धडक दिली, आणि त्या गाड्यांच्या तडाख्यांत या चौघी सांपडल्या. चौघीहि पदवीच्या शेवटच्या वर्षांतल्या. चालकावर खटला भरण्यांत आला. त्याविषयीं लिहिण्याची ही जागा नव्हे.

मग शोक करणाऱ्यांनीं काय केलें? पहिल्या दिवसांत जें कोठेंहि होतें तेंच झालें. विद्यापीठांत प्रार्थना झाली, रस्त्याकडेला फुलें, चित्रें, पत्रें यांचा ढीग पडला. चौघींना मरणोत्तर पदव्या देण्याचें विद्यापीठानें जाहीर केलें. ज्या वर्गाबरोबर त्या शिकल्या त्याच वर्गाबरोबर त्यांचें नांव राहावें, ही त्यामागची कल्पना आम्हांला योग्य वाटते. पुढें २०२४ च्या आरंभीं त्या रस्त्यालगत ५८ पांढरे रंगविलेले टायर मांडण्यांत आले: २०१० पासून मालिबूंतील त्या रस्त्यावर जीं माणसें गेलीं, त्यांतल्या प्रत्येकासाठीं एक. या चौघींचे चार त्यांत आले. स्मारक म्हटलें कीं संगमरवर आणि अक्षरें अशी आपली समजूत. पण जी वस्तु मृत्यूला कारण झाली तीच पांढरी करून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांपुढें ठेवावी, यांत एक रोखठोकपणा आहे. रस्त्याचा धोका कमी व्हावा म्हणून गांवकरी पूर्वींपासून ओरडत होतेच. या अपघातानंतर त्या ओरडण्याला धार आली, आणि त्या रस्त्यावर वेग टिपणारे कॅमेरे बसविण्याची मुभा देणारा कायदा कॅलिफोर्नियांत २०२४ सालीं झाला.

संघाचें स्मरण याहून शांत असतें. आल्फा फायमध्यें निधन पावलेल्या भगिनींच्या गणनेला सायलेंट चॅप्टर असें नांव आहे; निःशब्द शाखा म्हणूं या. मेलेली मुलगी यादींतून गळत नाहीं, एका शाखेंतून दुसरींत जाते. या संघाचीं दोन फुलें ठरलेलीं आहेत. त्यांतलें एक लहानसें निळें रानफूल. त्याचें इंग्रजी नांव फर्गेट-मी-नॉट, म्हणजे 'मला विसरूं नका'. एरवीं शुभेच्छेच्या पत्रावर छापावयाचें हें फूल. परंतु ज्या घरांतल्या चार खोल्या एकदम ओस पडाव्यात तशी ज्या शाखेची गत झाली, तेथें या नांवाकडे कोणी सजावट म्हणून पाहत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

मुख्य अडचण पुढेंच आहे, आणि तिच्यापाशीं आम्ही जास्त घुटमळलों. घरांत माणूस गेलें तर त्याला पाहिलेलीं माणसें तीस-चाळीस वर्षें त्याच घरांत असतात. महाविद्यालयाचें घर चार वर्षांचें. ज्या मुलींनीं या चौघींबरोबर जेवण केलें, भांडण केलें, अभ्यास केला, त्या पदवी घेऊन निघून जावयाच्या. अपघाताच्या वर्षीं जी अगदीं नवी होती तिचीहि मुदत २०२७ त भरते. त्यानंतर त्या घरांत त्या चौघींना पाहिलेली एकहि मुलगी उरणार नाहीं. मग स्मरण कोणीं करावयाचें, आणि कोणाचें? न पाहिलेल्या मुलीच्या तसबिरीपुढें दरवर्षीं मेणबत्ती लावणें हा थोड्याच काळांत रिवाज होऊन बसतो, आणि रिवाजाला डोळे नसतात. येथें थोरली-धाकटीची वेल कामास येते. गेलेल्या मुलीची धाकटी आपल्या धाकटीला सांगते; ती पुढें सांगते. चवथ्या पिढींतल्या मुलीला आपल्या पणजीचें नुसतें नांव नव्हे, तर ती चहांत साखर किती घेत असे हेंहि ठाऊक असूं शकतें. अर्थात् वेल मध्येंच खुंटतेहि.

ज्या सिरॅक्यूज विद्यापीठांत हे संघ जन्मले, त्याच विद्यापीठानें या अडचणीला एक उत्तर काढलें आहे. २१ डिसेंबर १९८८ रोजीं पॅन ऍमचें १०३ क्रमांकाचें विमान स्कॉटलंडमधील लॉकरबी गांवावर स्फोटानें फुटलें. तो अपघात नव्हे, घातपात होता. विमानांतील २५९ व खालच्या गांवांतील ११ अशीं २७० माणसें गेलीं. त्यांत या विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी होते, परदेशांतलें सत्र संपवून नाताळासाठीं घरीं निघालेले. तेव्हांपासून विद्यापीठानें प्रथा पाडली कीं, दरवर्षीं शेवटच्या वर्षांतील ३५ विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ति द्यावयाची, आणि त्या प्रत्येकानें त्या पस्तिसांपैकीं एकाचा होऊन वर्षभर राहावयाचें. विद्यापीठाच्या दप्तरखान्यांत त्या मुलांचीं पत्रें, चित्रें, वह्या जपून ठेवलेल्या आहेत. त्या वाचावयाच्या, आणि ऑक्टोबरांतील स्मरणसप्ताहांत त्याच्या वतीनें गुलाब ठेवावयाचा. पटांगणांत ३५ खुर्च्या मांडतात, त्या विमानांत ज्या क्रमानें तीं मुलें बसलीं होतीं त्या क्रमानें, आणि हे विद्यार्थी त्यांवर मुकाट्यानें बसतात. आज बसणाऱ्यांतला कोणी १९८८ त जन्मलाहि नव्हता. लॉकरबीच्या शाळेंतूनहि दरवर्षीं दोन विद्यार्थी या विद्यापीठांत येतात. ओळख मेल्यानंतर करून घ्यावी लागते, पण करून घेतां येते, हें तेथें शिकवितात म्हणाना.

कृष्णवर्णी स्त्रियांच्या संघांनीं ही अडचण मुळांतच ठेवली नाहीं. १९०८ सालीं वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांत आल्फा काप्पा आल्फा निघाला, १९१३ त तेथेंच डेल्टा सिग्मा थीटा. या संघांतलें काम पदवीबरोबर संपत नाहीं. पदवीधर बायकांच्या शाखा गांवोगांव असतात आणि साठ-सत्तर वर्षांच्या बायका त्यांत उत्साहानें राबतात. त्यामुळें वीस वर्षांची मुलगी गेली तरी तिच्यासाठीं उभ्या राहणाऱ्यांत तिच्या आजीच्या वयाच्या बहिणी असतात. पहिल्या संघांत गेलेलीला 'भिंतीपलीकडची आयव्ही' म्हणतात. आयव्ही ही भिंतीवर चढणारी वेल. दुसऱ्यांत अंत्यविधीला ग्रीक वर्णमालेंतील शेवटच्या अक्षरावरून 'ओमेगा ओमेगा' असें नांव आहे. शोकाचा रंग काळा मानणाऱ्या त्या देशांत या विधींना बहुधा पांढरीं वस्त्रें नेसून येतात. चर्चमध्यें आप्तांनीं आपला शोक करावा, आणि त्याला लागूनच बहिणींनीं आपला. त्यांना कोणी "तुम्ही कोण?" असें विचारीत नाहीं. हेंच आम्हांला त्या साऱ्या व्यवस्थेंत मोलाचें वाटलें.

आपल्याकडील एका मुलीला अशीच बहीण अमेरिकेंत मिळाली होती, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ त पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. त्यांच्या अस्थि गेल्या त्या न्यूजर्सींत त्यांना घरीं ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे. आणि त्या बाईंनीं पोकीप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत त्यांना जागा दिली. त्या बाईंचें नातें कोणत्या हिशेबांत बसवावें?

आतां माईंची गोष्ट. त्या बारा वर्षांच्या असतांना गिरगांवांत शाळेंत होत्या. बाकावर शेजारीं बसणारी त्यांची मैत्रीण १९४७ च्या जुलैंत वडिलांबरोबर अलिबागकडे आजोळीं जाण्यास निघाली. १७ जुलै रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली, त्या बोटींत ती होती. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. माई सांगतात कीं, बातमी आली तेव्हां घरांत पानें मांडलेलीं होतीं. त्या उठून गॅलरींत जाऊन उभ्या राहिल्या. आईनें हांक मारली, "आपल्याला त्यांचें सुतक नाहीं, पानावर बस." त्या बसल्या आणि जेवल्या. आई कठोर होती असें नव्हे. तिला जो हिशेब ठाऊक होता तो तिनें सांगितला. शाळेंत दुसरी मुलगी शेजारीं बसूं लागली. पुढें लग्न, संसार, मुलें. त्या मैत्रिणीचें नांव पंचाहत्तर वर्षांत माईंनीं कोणापाशीं उच्चारल्याचें कोणास आठवत नाहीं. नातीच्या टेलिफोननंतर तें त्यांच्या तोंडून प्रथम बाहेर आलें.

२०२४ च्या पितृपक्षांत त्यांच्या घरीं नेहमींप्रमाणें महालय झाला. महालयाच्या यादींत आईबाप, आजेआजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांच्या मागून गुरु, शिष्य, आप्त येतात, आणि त्यांच्यांत सखाहि येतो. सुतकाच्या हिशेबांत ज्याला जागा नाहीं त्याला येथें आहे. माईंनीं मुलाला सांगितलें, यंदा एक नांव अधिक घे. गुरुजींनीं नांव विचारलें. तें माईंनीं सांगितलें. मग त्यांनीं गोत्र विचारलें. माईंना तिच्या वेणीची रिबन आठवत होती, डब्यांतली साखर-पोळी आठवत होती, अक्षराचें वळण आठवत होतें. गोत्र कधीं ऐकलेंच नव्हतें. गोत्र अज्ञात असेल तेथें काश्यप धरावें असा नियम आहे. गुरुजींनीं तसें धरलें आणि मुलानें तीळ घेऊन पाणी सोडलें. माई दाराशीं उभ्या होत्या. जेवणें झाल्यावर त्यांनीं नातीला टेलिफोन लावावयास सांगितला. तिकडे तेव्हां मध्यरात्र उलटली होती. पण पहिल्या घंटेलाच तिनें तो उचलला.