टॉवर येणार म्हणे!

गिरगावातली एखादी वाडी घ्या, नाहीतर लालबाग-परळमधली एखादी तीन मजली चाळ. सध्या गॅलरीत बोलायला एकच विषय असतो. आपल्या जागी टॉवर येणार म्हणे! कुणी म्हणतं चाळीस मजले, कुणी म्हणतं साठ. कुणाला पक्की खबर असते की पोडियमवर बाग आणि तरणतलाव होणार, तर समोरच्या बिऱ्हाडाला कुणीतरी सांगितलेलं असतं की शेजारची चाळ आली नाही तर सगळंच बारगळणार. घोळक्यात शेवटी एकच प्रश्न उरतो : आपल्याला फूट किती मिळणार?

या उत्सुकतेला नावं ठेवायचं काही कारण नाही. चाळीच्या आठवणींनी ज्यांचे डोळे पाणावतात, त्यातले बरेच जण चाळ सोडून कधीच बाहेर पडलेले असतात. रात्री दोन वाजता पॅसेजच्या टोकाच्या संडासात जाण्याची भीती, पहाटेच्या पाण्यासाठी लावलेला गजर, सासू-सासरे, दीर, मुलं आणि आपण यांच्यामध्ये एक पडदा, हे सगळं बाईच्याच वाट्याला आलं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात जाताना तिथल्या बायकांना काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. टॉवर नको असं म्हणण्यासाठी हा लेख नाही. पण ‘मजले किती’ या प्रश्नात आपण इतके गुंततो, की ज्या प्रश्नांवर आपलं पुढचं आयुष्य उभं राहणार, ते विचारायचेच राहून जातात.

मुळात मजल्यांचा आकडा फारसा भरवशाचा नसतो. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ हा टॉवर २०१० मध्ये जाहीर झाला, तेव्हा तो ११७ मजली आणि ४४२ मीटर उंच होणार होता. विमानतळ प्राधिकरणाची तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही. प्रत्यक्षात तो ७६ मजल्यांवर आणि सुमारे २८० मीटरवर थांबला. चर्नी रोडजवळ तर सव्वाशे मजल्यांचा ‘इंडिया टॉवर’ होणार होता. उंची सातशे मीटरच्या वर! २०११ मध्ये काम थांबलं आणि पुढे सगळा बेतच गुंडाळला गेला. जाहिरातीतला आकडा आणि जमिनीवरची इमारत यांच्यामध्ये विमानतळ, अग्निशमन दल, महापालिका, बँका आणि बाजारभाव असे सगळे उभे असतात.

‘मजले कमी झाले तर आपल्याला काय?’ असं वाटेल. पण आपलं फुकटचं घर काही आभाळातून पडत नाही. जुन्या उपकरप्राप्त म्हणजे सेस भरणाऱ्या इमारतींच्या पुनर्विकासात हिशेब असा असतो : भाडेकरूंना मोफत घरं द्यायची आणि त्या बदल्यात बिल्डरला जादा चटईक्षेत्र मिळतं, त्यातली घरं त्याने विकायची. विक्रीच्या पैशातूनच आपली भिंत उभी राहते, बांधकाम चालू असताना बाहेर राहायचं भाडंही त्यातूनच मिळतं. म्हणजे वरच्या मजल्यांची परवानगी अडकली किंवा बाजार थंडावला, की पहिली कात्री लागते ती आपल्या भाड्याच्या चेकला. गोरेगावच्या पत्रा चाळीचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. ६७२ कुटुंबांची ही वसाहत. करार २००८ चा. घरं पाडली गेली, काम रखडलं, भाडं बंद झालं. २०१८ मध्ये म्हाडाने विकासकाला दूर केलं, तरी नव्या घराची वाट पुढे कित्येक वर्षं पाहावी लागली. ‘तीन वर्षांत परत येऊ’ म्हणून बाहेर पडलेल्या घरांतली मुलं त्या काळात मोठी झाली, म्हातारी माणसं भाड्याच्या घरातच गेली.

आता दुसरी गोष्ट, कागदावरच्या शब्दांची. गिरणगावाने ती फार महागात शिकली आहे. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि हे वाटे सगळ्या जमिनीचे न राहता फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीचे झाले. सगळी जमीन आणि मोकळी जमीन! फरक एका शब्दाचा. पण त्या शब्दापायी मैदानं आणि कामगारांची घरं आक्रसली आणि मॉल-टॉवरना जागा झाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल वैध ठरवला. १९८२ च्या संपात होरपळलेल्या कितीतरी कुटुंबांची घराची मागणी अजून पुरी झालेली नाही. तेव्हा करारातला शब्द न् शब्द वाचायचा. इंग्रजी कळत नसेल तर मराठी प्रत मागायची. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि त्या करारावर नाव कुणाचं? हा खरा आपला प्रश्न. चाळीतली खोली बहुधा सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असते. भाडेपावतीवर ज्याचं नाव, त्याच्याशी करार आणि त्याचीच संमती. आता निम्म्याहून थोड्या जास्त म्हणजे ५१ टक्के भाडेकरूंची संमती मिळाली की योजना पुढे सरकू शकते. त्या ५१ टक्क्यांत बायकांच्या सह्या किती असतात, ते एकदा आपल्याच चाळीत मोजून बघा! झोपडपट्टी पुनर्वसनात नवं घर नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची तरतूद नियमातच आहे. चाळीतल्या सुशिक्षित, पगारदार कुटुंबात मात्र ‘त्यांचं नाव आहे ना, मग झालं’ यावर विषय संपतो.

खोलीची किंमत काही हजारांत होती, तोवर हे चालून गेलं. उद्या त्याच नावावर कोटीचं घर होणार आहे. मग वर्षानुवर्षं न फिरकलेला दीर गावाहून येतो, लग्न होऊन गेलेल्या नणंदेला हक्क आठवतो, आणि ज्या विधवा सुनेने म्हाताऱ्यांचं शेवटपर्यंत केलं तिला विचारलं जातं, ‘तुझं नाव कुठाय?’ १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात याचं उत्तर आहे. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळू शकतो. तसं कुणी नसेल तर वारसाला. आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणजे तिथे राहत असल्याचा पुरावा मोलाचा. रेशनकार्ड, मतदार यादी, विजेचं बिल, मुलांचे शाळेचे दाखले, सगळं एका पिशवीत जपून ठेवा. सासरे गेल्यावर पावती त्यांच्याच नावाने चालू राहिली असेल, तर बिल्डर दारात यायच्या आधी नावबदलाचं बघा. आणि नव्या घराचा करार दोघांच्या नावे करता येईल का, हे नवऱ्याला आजच विचारा. भांडून नको, चहा पिताना विचारा. पण विचारा.

आणखी एक गोष्ट फुटांत मोजता येत नाही. १९५९ मध्ये सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाची सुरुवात केली, ती गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर. गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खाणावळवाल्यांना घेऊन प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच गिरणगावात. या बायकांचं भांडवल म्हणजे खोली, शेजारीण आणि गच्ची. आजही दिवाळीचा फराळ, शिवणकाम, शिकवण्या, पाळणाघर यांवर चाळीतली कितीतरी घरं चालतात. टॉवरची गच्ची बंद असते, मसाला वाळत घालायला पोडियम मिळत नाही, आणि पाळणाघरासाठी सोसायटीची हरकत येऊ शकते. त्यामुळे सगळ्यांच्या वापराची एक खोली, एक हॉल आराखड्यातच मागून घ्यायला हवा. इमारत झाल्यावर कुणी देत नाही.

शेवटी दरमहाचा खर्च. लिफ्ट, पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक, आगीच्या यंत्रणेची देखभाल हे सगळं मेंटेनन्समध्ये येतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये लालबागच्या एका साठ मजली टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली आणि जीव गेला तो सुरक्षारक्षकाचा. उंच घरात ही यंत्रणा ही चैन नव्हे. बीडीडीच्या नव्या इमारतींची देखभाल काही वर्षं म्हाडाकडे आहे. खासगी बिल्डर मात्र कॉर्पस फंड देतो आणि त्याच्या व्याजात भागवा म्हणतो. ते व्याज दहा वर्षांनी पुरेल का? पेन्शनवर जगणाऱ्या आजींना पुरलं नाही, तर त्या घर विकून बदलापूरला जातील, आणि ज्यांच्यासाठी टॉवर झाला म्हणायचं त्यांच्यातलं तिथे कुणी उरायचं नाही.

तेव्हा चाळीची पुढची मीटिंग होईल, त्यात मागे दाराशी उभं राहून ऐकू नका. पुढे बसा आणि विचारा : काम थांबलं तर भाड्याची हमी कोण देणार, आधी आमची इमारत की विक्रीची, कॉर्पस किती आणि कुणाच्या ताब्यात, हॉल कुठे दाखवलाय. मजले किती, ते विचारायला बाकीचे आहेतच!