एकोणिसाव्याचे छायाचित्र

धावण्याची शर्यत पाहावयास गेलेल्या माणसाच्या हाती आज कॅमेरा नसेल तरच नवल. पूर्वी गल्लीत एखाद्याच घरी असणारे ते यंत्र आता मोबाईलच्या पोटात शिरून प्रत्येकाच्या खिशात येऊन बसले आहे. मॅरेथॉनच्या मार्गावर दुतर्फा उभी असलेली मंडळी टाळ्या वाजवीत नाहीत. बिचाऱ्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात! हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण आम्हीही त्यांतलेच. परंतु रस्त्याच्या कडेला उभे राहून छायाचित्रे टिपणाराने आपली दृष्टी कोणाकडे वळवावी, याविषयी आमचे एक मत बनले आहे.

छायाचित्रकारांची दाटी होते ती अंतिम रेषेपाशी. पहिला येतो, छातीने फीत तोडतो, कॅमेरे लखलखतात, आणि लागलीच ते पिशव्यांत जातात. आमचे म्हणणे असे की, पाहण्याजोगी शर्यत त्यानंतरच सुरू होते.

आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे नाव आमच्या किती विद्यार्थ्यांच्या कानांवर आले असेल? दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचा जो संघ १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला, त्यात ते होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीहून लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरांची होती. फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोचले. त्यांचा क्रमांक १९वा. निकालाच्या यादीत हे सारे स्वच्छ नोंदलेले आहे. परंतु तिसाव्या किलोमीटरला त्यांचा श्वास कसा चालला होता, परक्या देशाच्या त्या रस्त्यावर त्यांची नजर कोठे लागली होती, हे यादी सांगत नाही. ते सांगू शकतो रस्त्याच्या कडेला थांबलेला एखादा धीराचा कॅमेरा. पहिल्याचे छायाचित्र शंभर जण काढतात. एकोणिसाव्याचे काढावयास कोणी तरी मुद्दाम थांबावे लागते.

थांबणाराने जागा निवडावी ती चढणीची किंवा वळणाची. तेथे वेग मंदावतो आणि चेहरा बोलू लागतो. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरती उघडली, तर हनुवटीवरून सुटलेला घामाचा थेंबही हवेत थांबलेला दिसतो. ती तिसाव्या भागापुरती उघडून कॅमेरा धावणाऱ्याच्या बरोबरीने फिरवला, तर मागची झाडे व घरे पुसट होतात आणि धावणारा तेवढा ठळक राहतो. हे पहिल्या दहा वेळा फसतेच. दोन्ही पाय भुईपासून सुटलेले असतात, तो क्षण हुकला की उत्तम धावपटूही बसच्या थांब्यावर उभा असल्यासारखा दिसतो.

कडेवरच्या कॅमेऱ्याचे सामर्थ्य केवढे, हे १९ एप्रिल १९६७ रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे दिसले. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळत नसे. कॅथरीन स्विट्झर यांनी नावाची केवळ आद्याक्षरे व आडनाव लिहून २६१ हा क्रमांक मिळवला होता. पहिल्या काही मैलांतच शर्यतीचे एक अधिकारी त्यांच्या अंगावर धावून आले व तो क्रमांक ओढून काढू लागले. पत्रकारांची गाडी शेजारूनच चालली होती. तिच्यातल्या छायाचित्रकारांनी तो प्रसंग टिपला आणि जगाने तो पाहिला. १९७२ साली बॉस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला. त्याचे श्रेय एकट्या छायाचित्राला देणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र नुसत्या शब्दांनी सांगितलेली ती हकीकत किती जणांनी खरी मानली असती, याची आम्हांस शंका आहे. त्याच शर्यतीत बॉबी गिब याही क्रमांकाविना धावत होत्या आणि स्विट्झर यांच्या सुमारे तासभर आधी पोचल्या. त्या गाडीचे कॅमेरे त्यांच्या बाजूला नव्हते, आणि लोकांच्या स्मरणात राहिला तो २६१ हा आकडा.

हे सारे आम्ही अधिकारवाणीने लिहीत आहोत खरे, पण आमच्याच हातून काय घडले तेही सांगितले पाहिजे. गेल्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यावर एक शर्यत झाली. या अंकासाठी छायाचित्रे हवीत म्हणून पहाटेपासून आम्ही चढणीवर उभे होतो. पुढच्या धावपटूंची चाळीसएक छायाचित्रे काढून झाली. ऊन वर आले, गर्दी पांगली, आम्हीही पिशवी आवरली. तेवढ्यात वळणावर पन्नाशीचे एक गृहस्थ पोटरी धरून खाली बसलेले दिसले. आमच्या खांद्याला पाण्याची बाटली होती. तिला हात लावण्यापूर्वी आम्ही पुन्हा कॅमेरा काढला आणि एकामागून एक तीन छायाचित्रे घेतली. त्यांनी वर पाहिले व शांतपणे म्हटले, “मास्तर, फोटू झाला असंल तर जरा पाणी द्या की.”

त्यांनी पाणी घेतले, पोटरी चोळली, आणि लंगडत का होईना, ते पुढे निघाले. ते जाताना कॅमेरा उचलण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही.

त्या तिनांपैकी एक छायाचित्र फार उत्तम उतरले आहे. संपादक मंडळातील आमच्या सहकाऱ्यांनी ते मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर घालण्याचा आग्रह धरला. त्यांच्या मते, सोसणे दाखविणारे छायाचित्र झाकून ठेवणे हाही एक अन्यायच. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. बॉस्टनचा दाखला आम्हीच वर दिला आहे. परंतु तेथे एक माणूस दुसऱ्यावर जबरदस्ती करीत होता. येथे जो काही अपराध होता, तो कॅमेऱ्यामागे उभा होता. अखेर ज्याचे छायाचित्र त्यालाच विचारावे असे ठरले. ते गृहस्थ रोज सकाळी शहरात दूध घालावयास येतात असे कळले. एका सकाळी आम्ही त्यांना चौकात गाठले आणि छायाचित्र पुढे धरले. किटली खाली ठेवून त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले.

“ह्यो नगो, मास्तर,” ते म्हणाले. “पळतानाचा असंल तर छापा.”

पळतानाचा आमच्यापाशी एकही नव्हता.